वर्कशॉपसाठी लॅपटॉप तयार करताना: नेट गेलं तरी चालेल असं ज्युपिटर

गेल्या पावसाळ्यात मालवणकडच्या एका कॉलेजात पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचं दोन दिवसांचं वर्कशॉप होतं, विषय पाऊस आणि भरती-ओहोटीचा डेटा, आणि मी होतो 'इन्स्टॉलेशन बघणारा'. आदल्या संध्याकाळी लॅबची किल्ली देताना तिथल्या काकांनी विचारलं, "नेट गेला तर काय करतलास?" मी म्हटलं, हॉटस्पॉट आहे ना. काका नुसते हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी २२ लॅपटॉप एकाच हॉटस्पॉटवरून जवळजवळ एक जीबीचा इन्स्टॉलर ओढायला लागले, बाहेर पाऊस कोसळतोय, आत सगळ्यांच्या स्क्रीनवर तीच निळी पट्टी अडकलेली, आणि जेवणाची सुट्टी झाली तेव्हा फक्त तिघांचं इन्स्टॉल झालेलं, त्यातलं एक ३२ बिटचं, म्हणजे तेही बाद. जेवताना काका समोरच बसलेले, काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझी एकच परीक्षा आहे. वायफाय बंद करायचं, मोबाईल खिशात ठेवायचा, आणि मग नोटबुक उघडून आलेख येतो का बघायचा. आला तर मशीन तयार. नाही आला तर 'माझ्या घरी चालत होतं' याला काही अर्थ नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कमांड मी इथे फोनवर सांगतो तशा उच्चारानं लिहिल्यात. टाइप इंग्रजीतच करायच्या, जिथे 'स्पेस' म्हटलंय तिथे फक्त जागा सोडायची. माझ्या भाच्याला मी अशाच सांगतो आणि त्याचं चालतं.

आधी हे नेमकं काय चालतं ते

ज्युपिटर म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी वही. एका चौकटीत कोड लिहायचा, शिफ्ट-एंटर दाबलं की उत्तर किंवा आलेख लगेच खाली, मध्ये मध्ये साध्या मराठीत टिपणं. नाव ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांवरून आलंय. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या आयपायथनमधून २०१४ मध्ये हा वेगळा प्रोजेक्ट निघाला. इतिहास एवढा पुरे.

कामाची गोष्ट ही की ब्राउझर हा फक्त चेहरा आहे. हिशोब करणारा प्रोग्राम मागे वेगळा चालतो, त्याला कर्नल म्हणतात, आणि तो तुमच्याच मशीनवर असतो. वरच्या पट्टीत लोकलहोस्ट आणि पुढे ८८८८ दिसतं त्याचा अर्थ 'हाच कॉम्प्युटर, या नंबरचं दार'. नेट लागत नाही. हे पोरांना दहा वेळा सांगितलं तरी पटत नाही, ब्राउझर उघडला म्हणजे नेट चालू असणारच असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून मी पहिल्याच तासाला सगळ्यांदेखत राउटरची वायर काढतो.

कोलॅब, म्हणजे गूगलची अशीच पण नेटवर चालणारी वही, का नाही, असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. कोलॅब चांगलंच आहे, काही इन्स्टॉल करायचं नाही, पण नेट हवं, गूगल अकाउंट हवं (निम्म्यांना पासवर्ड आठवत नाही), आणि बराच वेळ हात लावला नाही की सेशन तुटतं आणि वर चढवलेल्या फाइली गायब. पुण्यात बसून शिकवायचं असेल तर जरूर वापरा. जून ते सप्टेंबर आपल्या पट्ट्यात नको.

आठवडाभर आधी: मशीनची खानेसुमारी

प्रत्येकाकडून तीन गोष्टी मागवा: विंडोज कुठलं, ६४ बिट की ३२, आणि डिस्कवर जागा किती. सेटिंग्समध्ये सिस्टीम, त्यात अबाउट, या पानावर पहिल्या दोन दिसतात, फोटो काढून पाठवायला सांगा, तोंडी विचारलं तर सगळे 'नवीनच आहे' म्हणतात. रॅम ४ जीबी असेल तरी आपल्या कामाला चालतं, फक्त शेजारी क्रोमचे वीस टॅब नकोत.

लॅबमधल्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ७ सापडलं तर घाबरू नका पण वेगळं धरा. पायथन ३.८ हे विंडोज ७ वर चालणारं शेवटचं, ३.९ पासून तिथे बसतच नाही. म्हणजे त्या मशीनसाठी ३.८ आणि त्याला जुळणारी जुन्या व्हर्जनची पॅकेजेस (पायथनला वरून जोडायचे तयार कोडचे संच) असं दुसरं गाठोडं लागतं. ३२ बिटच्या मशीनच्या नादी मी लागत नाही, तयार पॅकेजेस सगळ्यांची मिळत नाहीत, त्या पोराला शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर बसवा, दोघांत एक असं उलट जास्त चांगलं शिकतात.

अॅनाकोंडा की साधं पायथन? अॅनाकोंडात सगळं एकत्र येतं हे खरं, पण पसरल्यावर पाचेक जीबी खातं आणि जुन्या हार्ड डिस्कवर अँटिव्हायरस एकेक बारीक फाइल तपासत बसला की अर्धा तास आरामात जातो. वर्कशॉपला लागतात मोजून चार-पाच पॅकेजेस. मी साधं पायथन घेतो, पायथनच्या अधिकृत साइटवरचं ६४ बिटचं, आणि मुद्दाम सगळ्यात ताजं नाही, एक पायरी मागचं. अगदी नवीन व्हर्जन आलं की काही पॅकेजेस त्यासाठी तयार व्हायला वेळ लागतो आणि तो आपला वर्कशॉपचाच आठवडा निघतो.

गाठोडं बांधणं

सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि हे चांगलं नेट असलेल्या ठिकाणी घरी बसून करायचं. एका मशीनवर पायथन टाका, तेच व्हर्जन, ६४ बिटच, जे वर्कशॉपला वापरणार आहात. मग काळी खिडकी म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडून (पिप म्हणजे पॅकेजेस आणणारा पायथनचा प्रोग्राम):

पिप स्पेस डाउनलोड स्पेस हायफन डी स्पेस गाठोडे स्पेस ज्युपिटरलॅब स्पेस नमपाय स्पेस पांडास स्पेस मॅटप्लॉटलिब स्पेस ओपनपायएक्सएल

यानं इन्स्टॉल काही होत नाही, 'गाठोडे' नावाच्या फोल्डरमध्ये ही पाच (नमपाय आकडेमोडीला, पांडास तक्त्यांना, मॅटप्लॉटलिब आलेखांना) आणि त्यांना लागणारी बाकी सगळी छोटी-मोठी पॅकेजेस येऊन पडतात. सगळं मिळून शंभर एमबीच्या आसपास. ओपनपायएक्सएल लोक विसरतात, त्याच्याशिवाय पांडासला एक्सेलची फाइल वाचता येत नाही आणि आपल्याकडे डेटा येतो तो एक्सेलमध्येच.

आता फोल्डर उघडून नीट बघा. फाइलींच्या शेवटी डब्ल्यू-एच-एल पाहिजे, म्हणजे व्हील, तयार माल. एखादी टार-जीझेड दिसली तर ती कच्चा माल आहे, समोरच्या मशीनवर ती बांधायला जाईल, आणि तिथे नेट नाही की कंपायलर नाही. तसं झालं तर त्याच कमांडमध्ये 'डाउनलोड'च्या जागी 'व्हील' आणि हायफन डी च्या जागी हायफन डब्ल्यू लिहून परत चालवा, घरच्या मशीनवरच ती तयार होते.

पेन ड्राइव्हवर चार गोष्टी जातात: पायथनचा इन्स्टॉलर, गाठोडे, डेटाच्या फाइली, वर्कशॉपच्या नोटबुका. पेन ड्राइव्ह एक नको, तीन घ्या. आणि इन्स्टॉल कधीही थेट पेन ड्राइव्हवरून करू नका, आधी सगळं मशीनच्या डिस्कवर उतरवा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेनं लॅबच्या डेस्कटॉपचे यूएसबी पोर्ट आतून खाल्लेले असतात, कुणाचा तरी पाय वायरीला लागला की पेन ड्राइव्ह क्षणभर सुटतो आणि इन्स्टॉल मध्येच मरतं.

मशीनवर चढवणं

सगळ्यांच्या मशीनवर एकाच नावाचा फोल्डर, डी ड्राइव्हवर, नाव 'कार्यशाळा' पण इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. डेस्कटॉपवर ठेवू नका, बऱ्याच लॅपटॉपचं डेस्कटॉप हल्ली वनड्राइव्हच्या ताब्यात असतं आणि ते हजारो फाइली आभाळात चढवायला घेतं. डी ड्राइव्ह नसेल तर सी च्या मुळाशी.

इन्स्टॉलर चालवला की पहिल्याच खिडकीत खाली छोटी चौकट असते, 'ऍड पायथन टू पाथ'. ती टिक केल्याशिवाय पुढे जायचं नाही. २२ जणांतले सहा तरी न बघता इन्स्टॉल नाऊ दाबतात. मग काळ्या खिडकीत:

पायथन स्पेस हायफन हायफन व्हर्जन

नंबर आला तर उत्तम. नंबराऐवजी मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं तर दचकू नका, विंडोजनंच तो फसवा शॉर्टकट ठेवलेला असतो, सेटिंग्समध्ये 'ॲप एक्झिक्युशन एलियसेस' शोधून पायथनची दोन्ही बटणं बंद करायची आणि काळी खिडकी बंद करून नवी उघडायची. जुन्या खिडकीला बदल कळत नाही, हे विसरून मी एकदा वीस मिनिटं घालवलीत.

पुढे वर्कशॉपसाठी स्वतंत्र खोली, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. कार्यशाळा फोल्डरमध्ये जाऊन:

पायथन स्पेस हायफन एम स्पेस व्हेन्व्ह स्पेस खोली

मग 'खोली' फोल्डर, बॅकस्लॅश, स्क्रिप्ट्स, बॅकस्लॅश, ऍक्टिव्हेट. ओळीच्या सुरुवातीला कंसात खोलीचं नाव आलं म्हणजे आपण आत. निळ्या पॉवरशेलमध्ये हे केलं तर लाल अक्षरांत 'स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही' अशा अर्थाचं येतं, त्याच्याशी भांडू नका, काळी खिडकी वापरा. आणि आता माल:

पिप स्पेस इन्स्टॉल स्पेस हायफन हायफन नो हायफन इंडेक्स स्पेस हायफन हायफन फाइंड हायफन लिंक्स बरोबर गाठोडे स्पेस, आणि पुढे तीच पाच नावं

'नो इंडेक्स' म्हणजे नेटवर शोधायला जाऊच नको, 'फाइंड लिंक्स' म्हणजे या फोल्डरात बघ. एसएसडी असेल तर दोन-तीन मिनिटं, जुनी डिस्क असेल तर चहा पिऊन या.

हुशार पोरं इथे विचारतात, एका मशीनवर 'खोली' तयार झाली की तीच सगळीकडे कॉपी का नाही करायची? कारण तिच्या आत त्या मशीनचे पत्ते पक्के लिहिलेले असतात. कॉपी केलेली खोली कधी चालल्यासारखी वाटते आणि भलत्या वेळी रुसते. गाठोडं कॉपी करा, खोली प्रत्येकाची तिथल्या तिथे.

रोज सकाळी एवढं टाइप करायला लावलं तर पहिला तास त्यातच जाईल, म्हणून नोटपॅडमध्ये तीन ओळींची फाइल करायची. पहिली ओळ सीडी स्पेस स्लॅश डी स्पेस आणि फोल्डरचा पत्ता, दुसरी कॉल स्पेस आणि ऍक्टिव्हेट डॉट बॅटचा पत्ता, तिसरी ज्युपिटर स्पेस लॅब. दुसऱ्या ओळीतला 'कॉल' गाळला तर ऍक्टिव्हेट होऊन गाडी तिथेच थांबते, तिसरी ओळ येतच नाही. सेव्ह करताना नाव 'सुरू डॉट बॅट' आणि खाली प्रकारात 'ऑल फाइल्स' निवडायचं, नाहीतर मागे गुपचूप टीएक्सटी चिकटतं आणि डबल क्लिक केल्यावर नोटपॅडच परत उघडतं.

परीक्षेची नोटबुक: तिथीची पाऊणपट

नुसतं 'हॅलो' छापून काही कळत नाही. मला एक चौकट अशी हवी होती जी नमपाय आणि मॅटप्लॉटलिब दोन्ही तपासेल आणि पोरांना आपलीही वाटेल. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा सगळ्यांना माहीत असतो, तिथीची पाऊणपट करायची, चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. तर चौकटीत एवढंच: एक ते पंधरा आकडे घ्या, ०.७५ ने गुणा, रेघ काढा. मग दुसरी रेघ ०.८ ने गुणून.

०.८ कुठून आलं? अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तिथी ३०, आणि तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळात २४ तासांचा पूर्ण फेरा करते. २४ भागिले ३० म्हणजे तिथीमागे ०.८ तास, ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तिथीमागे फरक तीनच मिनिटांचा, चतुर्थीला १२ मिनिटं, कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण पौर्णिमेला तो पाऊण तास झालेला असतो, पाऊणपटीनं सव्वा अकरा आणि ०.८ ने बारा. दोन रेघा जवळजवळ एकत्र निघून हळूहळू फाकत जातात ते स्क्रीनवर दिसलं की वर्गात एकदम गलका होतो. एका मुलीनं विचारलं मग जुन्या लोकांनी ०.८ का नाही घेतलं, तर मागून कुणीतरी म्हणालं, पाऊणकी पाठ होती, पॉइंट आठकी कोण पाठ करणार. मला तरी हे उत्तर पटलं. खऱ्या बंदरात शिरायचं असेल तर वेळ छापील कोष्टकातूनच घ्या, खाडीच्या आणि किनाऱ्याच्या आकारानं ती पुढेमागे होते.

आलेखावर मराठी नावं घालायचा मोह होईल. मॅटप्लॉटलिबच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे नुसत्या चौकटी येतात. विंडोजचा निर्मला यूआय फॉन्ट लावला तर अक्षरं येतात पण जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते, 'रत्नागिरी' वाचवत नाही. मी अक्षांची नावं इंग्रजीत ठेवतो आणि मराठी मथळा वरच्या टिपणाच्या चौकटीत लिहितो, तिथे ब्राउझर ते नीट दाखवतो.

डेटा उघडताना हमखास अडणाऱ्या जागा

पावसाच्या दोन फाइली दिल्या होत्या, डी ड्राइव्हवर, एक मालवण आणि एक रत्नागिरी, नावं इंग्रजीत लहान अक्षरांत. मालवणची उघडली, रत्नागिरीची उघडेना. एररमध्ये पत्ता दाखवतोय तोही अगदी बरोबर, फाइल समोर दिसतेय, एक जण म्हणाला सर जिल्हा बदलला म्हणून असेल. भानगड अशी की पायथनमध्ये बॅकस्लॅशनंतर लहान आर आला की ती एक गुप्त खूण होते, 'ओळीच्या सुरुवातीला जा' अशी, म्हणजे पत्ता 'डी कोलन बॅकस्लॅश रत्नागिरी' राहतच नाही, तो मधेच मोडतो. मालवणच्या एमला असा काही अर्थ नाही म्हणून ती सुटते, नव्या व्हर्जनमध्ये फक्त एक इशारा येतो. एन आणि टी ची पण तीच गत, म्हणजे नाणार किंवा तारकर्ली नावाची फाइल असेल तरी अडेल. उपाय सोपा, पत्त्यात उलटा स्लॅश वापरायचाच नाही, सरळ स्लॅश टाकायचा, विंडोजला तो चालतो.

दुसरं, तारखा. आपण ०५/०६/२०२१ लिहितो ते ५ जून, पांडास आपल्याला न विचारता ते ६ मे धरतो. मग पावसाळा मेमध्येच सुरू झाल्यासारखा आलेख येतो. वाचताना 'डेफर्स्ट बरोबर ट्रू' लिहायचं, विसरायचं नाही.

तिसरं, मराठी मथळे असलेली फाइल एक्सेलमधून काढताना प्रकार 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, साधं सीएसव्ही निवडलं तर मथळ्यांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. काही तक्त्यांत आकडेही देवनागरीत असतात. ते पांडास मजकूर समजतो, पण गंमत म्हणजे पायथनच्या फ्लोटला देवनागरी अंक कळतात, त्या कॉलमवर 'मॅप' करून फ्लोट लावलं की सरळ आकडे मिळतात. कोडमध्ये मात्र अंक इंग्रजीच हवेत, कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' येतं.

हीच एरर व्हॉट्सॲपवरून कोड चिकटवला की पण येते, तिथे सरळ अवतरणचिन्हं वाकडी होऊन येतात आणि तारे-अंडरस्कोर कधी कधी जाड-तिरप्या अक्षरांत विरघळतात. कोड कधीही मेसेज म्हणून पाठवू नका, फाइल म्हणून पाठवा.

आणि 'पांडास सापडत नाही' अशी तक्रार आली की ९९ टक्के वेळा पोरगं 'सुरू डॉट बॅट' सोडून दुसरीकडून ज्युपिटर उघडून बसलेलं असतं. चौकटीत सिस इम्पोर्ट करून सिस डॉट एक्झिक्युटेबल विचारा, पत्त्यात 'खोली' दिसत नसेल तर तेच.

त्या दिवशी: लाईट

लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॉटचा, वीस लावले की १३०० वॉट. साधा एक्स्टेन्शन बोर्ड ६ अँपिअरचा, २३० व्होल्टला त्याची मर्यादा १३८० वॉट. म्हणजे वीस लॅपटॉप एका बोर्डावर कागदावर बसतात आणि प्रोजेक्टर लावला की एमसीबी पडतो. दोन-तीन वेगवेगळ्या पॉइंटवर वाटा, आणि आदल्या रात्री सगळ्यांना पूर्ण चार्ज करून यायला सांगा.

लाईट गेली आणि डेस्कटॉप बंद पडला तर लिहिलेलं फारसं जात नाही, ज्युपिटर दर दोन मिनिटांनी आपोआप सेव्ह करतो. जातं ते कर्नलच्या डोक्यातलं, म्हणजे वाचलेली फाइल, काढलेली सरासरी, सगळं. नोटबुक उघडल्यावर जुने आलेख दिसतात म्हणून पोरं मधल्याच चौकटीपासून पुढे चालवतात आणि 'नाव माहीत नाही' अशी एरर खातात. लाईट आली की वरच्या मेनूत 'रिस्टार्ट कर्नल अँड रन ऑल सेल्स', मगच पुढे. खरं तर लाईट गेली नाही तरी दर तासाला एकदा हे करायला लावा, चौकटी वर-खाली कशाही क्रमानं चालवून आलेलं उत्तर घरी गेल्यावर परत येत नाही.

संपल्यावर काढून टाकायचं असेल तर कार्यशाळा फोल्डर डिलीट केला की खोलीसकट सगळं गेलं, पायथन कंट्रोल पॅनलमधून वेगळं काढायचं. पण बहुतेक जण घरच्या मशीनसाठी गाठोडं मागतात, ते द्या, सोबत विंडोज ७ चं दुसरं गाठोडं पण द्या, कारण घरी कुणाच्या काय आहे ते त्यांनाही माहीत नसतं. तिसरा पेन ड्राइव्ह मी काकांच्या ड्रॉवरमध्ये ठेवून आलोय, वर चिठ्ठी चिकटवलीय, पायथनचं व्हर्जन आणि तारीख लिहून.